गिधाडे मेली, मारेकरी मोकाट

भटक्या कुत्र्यांचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले. ११ तारखेला आदेश निघाला: दिल्ली आणि भोवतालच्या शहरांतली कुत्री उचला, निवाऱ्यांत ठेवा, परत सोडू नका. २२ तारखेला तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि पिसाळलेली व चावरी वगळून बाकीची होती तिथे सोडा. मधल्या अकरा दिवसांत श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे एकमेकांच्या अंगावर धावून गेले, वाहिन्यांनी रोज रात्री गळे काढले, पालिकांनी निधीची रडगाणी गायली. पण या देशात कुत्री एवढी माजली कशी, त्यांच्यापुढे अन्न वाढून ठेवले कोणी, हा प्रश्न त्या गदारोळात बुडून गेला. बुडवणाऱ्यांच्या सोयीचेच झाले. त्याच्या उत्तराचा मोठा भाग सरकारी दप्तरात पडून आहे आणि तो थेट सरकारच्या अंगावर येणारा आहे.

शहरातले कुत्रे उकिरड्यावर जगते, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण जिथे उकिरडा नाही अशा माळावर, ओढ्याकाठी, गावकुसाबाहेर मेलेल्या गाईम्हशींवर जी कुत्र्यांची टोळकी पोसली गेली, त्यांच्या पंगतीतली मूळ पाने गिधाडांची होती. गिधाडांना आम्ही विष घातले. पाने रिकामी झाली आणि त्यांवर कुत्री व उंदीर येऊन बसले. या देशाच्या सार्वजनिक आरोग्याचा एक खांब पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोसळला. तो कोणी पाडला, हे वीस वर्षांपूर्वी सिद्ध झाले. तरीही आज मारेकरी उजळ माथ्याने फिरत आहेत. म्हणून हा अग्रलेख.

संहार केवढा होता, ते आधी ऐका. १९८० च्या दशकात या देशात गिधाडे कोटींनी मोजली जात. चार कोटींचा अंदाज सर्रास दिला जातो. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड तर जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत संख्येने जास्त होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत त्या जातीची हजारातली ९९९ गिधाडे नाहीशी झाली. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांपैकी शंभरातली सुमारे ९७ गेली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची शेकडो घरटी मोजली होती. पुढच्या दशकात त्यांना तिथेच फांद्यांवर माना टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली गिधाडे दिसू लागली. त्यांनी हाक दिली. १९९९ मध्ये ती हाक छापून आली. दिल्लीच्या खुर्च्यांना त्या वेळी झोप लागली होती, आणि पुढचा सारा इतिहास त्या झोपेचाच आहे.

गिधाड काय काम करत होते? शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात परिसंस्थेचा धडा असतो. त्यात उत्पादक, भक्षक आणि विघटक अशी तीन नावे मुले पाठ करतात. गवत उत्पादक, ससा प्राथमिक भक्षक, कोल्हा त्याच्या वरचा, आणि मेलेले खाणारे गिधाड मृतभक्षक. पोरे बाणांच्या आकृत्या काढतात, दोन गुण मिळवतात आणि मोठेपणी त्यांतलीच काही मंत्री, सचिव आणि औषध नियंत्रक होतात. तोपर्यंत त्यांच्या डोक्यात एवढेच उरलेले असते की झाड म्हणजे पुण्य आणि खाणारा प्राणी म्हणजे आयतखाऊ. भक्षक हा निसर्गाच्या घरातला फुकटा पाहुणा आहे, हा आमच्या राज्यकर्त्या वर्गाचा पक्का समज आहे. खरे तर या घराची मोजदाद, झाडलोट आणि वाटणी तोच करतो. गवताची वाढ चरणारा आवरतो, चरणाऱ्याची संख्या शिकारी आवरतो, बी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर फळ खाणारा नेतो, आणि मेलेल्याची विल्हेवाट मृतभक्षक लावतो. या कामाचे बिल कधी आले नाही म्हणून आम्ही त्याला काम मानलेच नाही.

गिधाडांचा थवा एका मेलेल्या बैलाची तासाभरात नुसती हाडे शिल्लक ठेवत असे. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके जहाल की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. रोग गिधाडाच्या पोटात जाई आणि तिथेच संपे. कुत्र्याचे तसे नाही. कुत्रे तेच मांस खाते, तोंडाला लागलेले गावात आणते, माजते, विते आणि चावते. उंदीर तेच खातो आणि घरात शिरतो. मांस स्वच्छ खाल्ले गेले की कातडे आणि हाडे वेचून पोट भरणाऱ्यांचे कामही सोपे होई. ही संपूर्ण यंत्रणा बिनपगारी होती. तिला कार्यालय नव्हते, ठेकेदार नव्हता, टक्केवारी नव्हती. म्हणूनच बहुधा ती वाचवण्यात कोणाला रस नव्हता!

आता खुनाचे हत्यार पाहा. डायक्लोफिनॅक हे माणसांसाठी बनवलेले वेदनाशामक. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांच्या दवाखान्यांत, तिथून गोठ्यागोठ्यांत पोचले. लंगडणाऱ्या बैलाला सुई, सुजलेल्या कासेला सुई, तापाला सुई. सुई टोचल्यावर काही दिवसांत जनावर मेले तर औषध त्याच्या मांसात उरते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, रक्तातले युरिक आम्ल वाढते, काळजावर, यकृतावर पांढरे खडूसारखे थर चढतात आणि काही दिवसांत पक्षी फांदीवरून खाली पडतो. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांची तपासणी करून लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे सिद्ध केले. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने हिशेब मांडला: शंभर मेलेल्या जनावरांत एखाद्यात जरी हे विष असले, तरी गिधाडांचा असा नायनाट व्हायला तेवढे पुरे. आणि भारतात प्रत्यक्ष तपासणी झाली तेव्हा शंभरात दहा जनावरांत ते सापडले!

इथून पुढे सुरू होते ती दिरंगाईची जंत्री. २००६ च्या मे महिन्यात औषध महानियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे परवाने मागे घ्यायला राज्यांना कळवले. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना निर्धोक असल्याचेही सिद्ध झाले होते, म्हणजे पर्याय हाताशी होता. तरीही राजपत्रात पक्की बंदी यायला २००८ उजाडले. बंदी आली तेव्हा चोरवाटही तयारच होती. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या ३० मिलिलिटरच्या बाटल्या बाजारात खुलेआम मिळत होत्या. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते, मग ही भली मोठी बाटली कोणाच्या पुठ्ठ्यात रिकामी होत होती, हे कळायला शोधपथक लागत नाही. ती बाटली बंद करायला सरकारला २०१५ पर्यंत सवड झाली नाही. आणि बंद केली तेव्हा काही औषध कंपन्या आपला धंदा वाचवण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात धावल्या! २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांना वाटेला लावले, हे आपले नशीब. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

एवढ्यावर तरी शहाणपण यावे! पण नाही. एक विष गेले, त्याच्या जागी त्याचीच भावंडे आली. किटोप्रोफेन गिधाडांना मारते हे २०१० च्या सुमारास छापून आले. असिक्लोफिनॅक गाईच्या शरीरात शिरताच त्याचे डायक्लोफिनॅक बनते, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. म्हणजे बंदी घातलेले औषध दुसरे नाव लावून राजरोस विकले जात होते. बांगलादेशाने २०२१ मध्ये किटोप्रोफेनवर बंदी घातली. ज्या देशाला आम्ही उठता-बसता कारभार शिकवतो, त्या देशाने! आम्ही मात्र ही दोन औषधे बंद करायला २०२३ पर्यंत थांबलो आणि निमेसुलाइडला डिसेंबर २०२४ च्या अखेरपर्यंत मोकळीक दिली. विष सिद्ध होते, फाईल फिरते, समिती बसते, कोर्टात याचिका जाते, वर्षे सरतात आणि मग बैल गेला अन् झोपा केला अशा थाटात अधिसूचना निघते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. अशा पक्ष्याच्या बाबतीत तेरा वर्षांचा उशीर हा उशीर राहत नाही. ती शांतपणे, सहीशिक्क्यानिशी दिलेली फाशी ठरते.

आणि या फाशीची किंमत कोणी मोजली? माणसांनी! १९९२ ते २००६ या काळात गिधाडे गेल्यामुळे वाढलेल्या कुत्र्यांच्या चाव्यांतून सुमारे ४७ हजार माणसे रेबीजने मेली असावीत, असा अंदाज २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला. आर्थिक तोटा ३४ अब्ज डॉलर. तो वाचून कोणाची झोप उडाली नाही. मग २०२४ मध्ये आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये त्याहून भयंकर हिशेब मांडला. जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती त्या जिल्ह्यांत, ती गेल्यानंतर माणसांचे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू! वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलरचे नुकसान! मेलेली गुरे नद्या-नाल्यांत गेली, पाणी नासले, कुत्री वाढली, रेबीज वाढला. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच लाख माणसे एखाद्या कारखान्याच्या वायूने मेली असती तर देश पेटला असता. ही माणसे विखरून मेली. म्हणून त्यांच्यासाठी ना चौकशी आयोग बसला, ना कोणाची खुर्ची हलली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते ही म्हण आमच्या औषध नियंत्रणाने अक्षरशः खरी करून दाखवली.

काही शहाणे विचारतील, शेतकऱ्याच्या जनावराची वेदना तुम्हाला दिसत नाही का? दिसते. म्हणूनच तर मेलॉक्सिकॅम आहे, टोल्फेनॅमिक आम्ल आहे. शेतकऱ्याला अडवून धरणे हा आमचा हेतू नाही. त्याच्या हाती विषाची बाटली देऊन नामानिराळे राहणाऱ्यांना आम्ही जाब विचारत आहोत. औषध विकत घेणारा शेतकरी गिधाडाच्या मूत्रपिंडाचा अभ्यास करत नाही. तो करणे ज्यांचे काम होते, ज्यांना त्यासाठी पगार मिळत होता, त्यांनी केला नाही. लांब चोचीचे आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. रानात एखाद्या आदिवासी पोराने गिधाडावर गलोल धरली तर वनखाते त्याला फरफटत नेईल. आणि लाखो गिधाडांना पुरून उरेल एवढे विष बाटलीत भरून विकणाऱ्यांना? त्यांच्या परवान्यांवर सह्या करणाऱ्यांना? त्यांना पहिले परिशिष्ट लागू नाही काय?

मुंबईच्या मलबार हिलवरच्या डुंगरवाडीकडे पाहा. पारशी समाजाने शतकानुशतके आपले मृत गिधाडांच्या स्वाधीन केले. त्या समाजावर सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवून अंत्यविधी रेटण्याची वेळ आली. एका समाजाचा धर्माचार एका वेदनाशामकाने मोडला, आणि धर्म धोक्यात आल्याच्या आरोळ्या ठोकणाऱ्या या देशात त्याबद्दल एक मोर्चा निघाला नाही.

महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी हे दिल्लीचे पाप म्हणून हात झटकू नयेत. २०१५ पासून या राज्यात गोवंश हत्या बंदी आहे. तिचे समर्थन-विरोध बाजूला ठेवू. पण जे जनावर कापायचे नाही ते एके दिवशी मरणार, आणि मेल्यावर त्याचे काय करायचे, याचा विचार करणे सरकारचे काम आहे की नाही? जिवंत गाईच्या नावाने मते मिळतात, मेलेल्या गाईला ओढ्यात ढकलले जाते. तिथे कुत्री जमतात, ती कुत्री माळावरच्या चिंकाऱ्यामागे लागतात, शेळ्यामेंढ्या फाडतात, रस्त्यावरच्या पोराला चावतात. मग तालुक्याच्या रुग्णालयात रेबीजची लस आहे का, म्हणून बाप धावत सुटतो. हे सारे एकाच साखळीतले आहे, आणि ती साखळी तोडली आहे ती सरकारी हातांनी.

भक्षकाबद्दलचे हे आंधळेपण गिधाडांपुरते नाही. या राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याच्या घोषणा झाल्या. खड्डे खणले, फोटो निघाले. झाड बिचारे मुकाट उभे राहते, मोजता येते, त्याच्याशेजारी मंत्र्याला उभे राहता येते. त्या झाडाची अळी खाणारा पक्षी, बी पेरणारा धनेश, त्याच्या मुळाशी उंदीर धरणारी धामण यांच्यासाठी कोणाचे खाते नाही. धामण दिसली की काठी, आणि मग उंदीर वाढले म्हणून झिंक फॉस्फाइडच्या पुड्या! भाताच्या खाचरांतून बेडूक धरून त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा धंदा या देशाने वर्षानुवर्षे केला. किडे खाणारा कामगार विकायचा आणि कीटकनाशक विकत घ्यायचे, हा व्यवहार १९८७ मध्ये बंद झाला. तो धडा गिधाडांपर्यंत पोचला नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारभर चावे टळतात, असा अंदाज २०१८ च्या अभ्यासाने दिला आहे. आणि आमची सार्वजनिक चर्चा काय? बिबट्यांना गोळ्या घाला! बिबट्याने मारलेल्या मुलाच्या आईचे दुःख आम्ही हलके मानत नाही. त्या बिबट्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण सरसकट सगळ्या भक्षकांना शत्रू ठरवणारा समाज आपल्याच दारात रोग आणि कुत्री पाळतो, हे गिधाडांनी मरून सिद्ध केले आहे.

चांगले काम झालेच नाही असे नाही. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडे वाढवली गेली. २०२४ मध्ये त्यांतली काही ताडोबा आणि पेंचमध्ये आणली. रायगडच्या म्हसळा तालुक्यात चिरगावने गिधाडांची झाडे राखली. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात आदिवासी गावकरी आणि वनखाते यांनी मिळून गिधाडांसाठी निर्धोक मृत जनावरे ठेवण्याची जागा केली. ज्यांच्या हाती सत्ता नाही त्यांनीही हे केले. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्याला उघड्या आकाशात सोडले. पण खाली पडलेल्या मांसात विष नाही याची हमी दिलेली नाही. हमी नसेल तर सोडणे हा समारंभ ठरतो, संवर्धन नव्हे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जनावरांसाठीचे कोणतेही दाहनाशक औषध गिधाडांना निर्धोक असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्याला परवाना देऊ नका. आज पक्षी मरतात आणि मग औषध तपासले जाते. हा क्रम उलटा करा. स्पेनमध्ये फ्लुनिक्सिनने गिधाड मेल्याची नोंद आहे. आणखी पुराव्यासाठी इथली गिधाडे खर्ची घालू नका. बंदी घातलेले औषध गुरांसाठी विकणाऱ्या दुकानाचा परवाना रद्द करा आणि मालकावर वन्यजीव कायद्याखाली खटला भरा. दर तालुक्यात मृत जनावरांसाठी कुंपण घातलेली, कुत्र्यांना मज्जाव असलेली जागा करा आणि तिथल्या मांसाची तपासणी करून निकाल दरवर्षी जाहीर करा. २००४ ते २०२४ या वीस वर्षांत कोणती फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होती, याची श्वेतपत्रिका काढा. नावांसह काढा. पाच लाख जिवांच्या हिशेबात एवढे तरी मागण्याचा जनतेला अधिकार आहे.

आणि वाचकहो, सरकार जागे होईपर्यंत तुम्ही झोपू नका. गोठ्यातल्या जनावराला सुई टोचली जाईल तेव्हा बाटलीवरचे नाव वाचा. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड यांपैकी काही दिसले तर सुई थांबवा, मेलॉक्सिकॅम मागा, आणि दुकानदाराचे नाव घालून औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. तक्रारीची पोच घ्यायला मात्र विसरू नका. त्या कार्यालयांत कागद हरवण्याची परंपरा गिधाडांपेक्षा पुष्कळ टिकाऊ निघाली आहे.